आनंदवन: चटका जाणवणाऱ्या बोटांविषयी

नागपूरहून चंद्रपूरकडे जाताना वरोरा लागते आणि गावाला लागूनच आनंदवन आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि खडकाळ, झाडाझुडपांच्या माळावर मोजक्या कुष्ठरुग्णांना सोबत घेऊन विहीर खणण्यापासून सुरुवात केली. आज तिथे शेती आहे, रुग्णालय आहे, महाविद्यालय आहे, अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा आहेत. हे सारे पाहून झाले, तरी मन रेंगाळले ते हातमागाच्या खोलीत.

मागावर एक वयस्कर काका सतरंजी विणत होते. त्यांची काही बोटे वाकलेली होती, काही पेरापर्यंतच उरली होती. तुटलेला धागा ते दातांत धरत आणि तळहाताच्या कडेने पीळ देऊन सांधत. हात मागावर असा बसला होता की लय कुठेच मोडत नव्हती. मधेच त्यांनी मला खाली पडलेली धाग्याची कांडी उचलून द्यायला सांगितली, मी दिली आणि काम पुढे सुरू झाले. मदत कशी मागावी आणि कशी द्यावी, हे इतक्या सहजपणे घडताना मी क्वचितच पाहिले आहे.

चहा आला तेव्हा त्यांनी पेला फडक्याची घडी करून धरला. मी विचारले, तर म्हणाले, "हाताले समजत नाही न जी. फोड आला का मग डोळ्याले दिसते." रोज रात्री ते हातपाय उजेडात नीट न्याहाळतात, कुठे भाजले, कापले किंवा काटा रुतला आहे का ते पाहतात. कुष्ठरोगात बोटे झडतात, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात रोगजंतू नसांवर घाला घालतात, स्पर्श आणि वेदना कळेनाशा होतात आणि न कळलेल्या जखमा चिघळत जाऊन बोटे आखूड होतात. बहुविध औषधोपचाराने हा आजार सहा ते बारा महिन्यांत पूर्ण बरा होतो, मात्र गेलेली संवेदना अनेकदा परत येत नाही. म्हणूनच २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत कुष्ठमुक्त व्यक्तींचाही समावेश आहे.

माझ्या हातातला पेला तेव्हा चांगलाच गरम होता आणि तो चटका मला जाणवत होता. वेदना हेही एक देणे आहे, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा इतके स्पष्ट कळले. तरीही 'त्यांच्यापाशी नाही ते आपल्यापाशी आहे, देवाची कृपा' असा विचार मला पटत नाही, कारण त्यात समोरचा माणूस केवळ आपले सुख मोजण्याची पट्टी होऊन जातो. माझ्या नसांबद्दल मी कृतज्ञ आहे, आणि तितकाच त्या हातांबद्दलही, ज्यांनी विणलेले कापड मी वापरणार आहे.

'श्रम ही है श्रीराम हमारा' हे इथले ब्रीद याच अर्थाने मला खरे वाटते. पाठीच्या दुखण्याने बसताही येत नसताना, आडवे पडून किंवा उभे राहून बाबांनी पुढची कितीतरी वर्षे काम केले. शरीर साथ देत नसताना काम करणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. दिव्यांग माणसाशी आपुलकीने वागायचे तर सोबत्याऐवजी थेट त्याच्याशी बोलावे, हात लावण्याआधी विचारावे, हस्तांदोलनाला हात पुढे आला तर तो मनापासून हातात घ्यावा. आणि त्याने केलेली वस्तू घ्यायची असेल, तर ती चांगली आहे म्हणून घ्यावी.

मी निवडलेल्या सतरंजीची किनार काकांनी उजेडात धरून पाहिली, एका ठिकाणी वीण सैल आहे म्हणून ती बाजूला ठेवली आणि दुसरी काढून दिली.