चांदणीच्या पाठीवरचा नंबर

आमच्या घरात पणजोबांची चांदणी आहे. खरं तर ते पहिल्या महायुद्धातलं १९१४-१५ चं स्टार पदक, पण घरात सगळे चांदणीच म्हणतात. ती देव्हाऱ्याच्या खणात असायची आणि दसऱ्याला तांब्या-समयांबरोबर चिंचेने घासली जायची. आधी पणजी, मग आजी, मग आई. तीन पिढ्यांनी इतक्या भक्तिभावाने घासली की पुढच्या तलवारी बोथट झाल्या आणि पाठीवरची अक्षरं जवळजवळ पुसली गेली.

गेल्या गणपतीत गावी, संगमेश्वर तालुक्यात, गेले तेव्हा चांदणीच्या पाठीवर पातळ कागद धरून शिसपेन्सिल फिरवली. हळूहळू अक्षरं उमटली. आधी आकडे, मग सिपाई, मग पणजोबांचं इंग्रजी वळणाचं नाव आणि खाली '११७ मराठाज'. नंबरातले २, १ आणि ४ लागले. चौथ्या आकड्याच्या जागी गुळगुळीत धातू.

दुसरा धागा आत्याच्या ट्रंकेत मिळाला. पलटणीतून नाव कमी झाल्याचा दाखला, चार घड्या पडलेला, वरचा कोपरा कसरीने खाल्लेला. म्हणजे नंबर इथूनही गेला. बाकीचं मात्र वाचता येत होतं. भरती १९११, सुटका १९१९. उंची पाच फूट चार इंच. वागणूक चांगली. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर जुना व्रण. पणजोबांचा फोटो नाही आमच्याकडे, त्यामुळे त्या व्रणापाशी मी बराच वेळ थांबले. आणि शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने 'प्रिझनर ऑफ वॉर', पुढे २९-४-१६.

ते युद्धकैदी होते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. 'बसऱ्याला होते' एवढंच पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं.

ती तारीख इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या शरणागतीची. पुढचे कित्येक आठवडे मी रात्री जेवणं आटोपली की हेच वाचत बसले. ११७ वी मराठा पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये इंग्रजांच्या या फौजेने तुर्कांकडून बसरा घेतलं. पुढच्या नोव्हेंबरात बगदादच्या उंबरठ्यावर, टेसिफॉनला, मोठी लढाई झाली, माणसं फार गेली आणि फौज मागे फिरली. तैग्रिस नदीच्या वळणातल्या कुत गावात ती थांबली, आणि ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांचा वेढा पडला. सोडवायला आलेल्या फौजेची सुमारे २३ हजार माणसं मेली-जखमी झाली, तरी वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ ला फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार जण कैद झाले. शिपायांना उन्हातून बगदाद, मोसूलमार्गे चालवत नेलं. वाटेत किती पडले! जगले त्यातल्या पुष्कळांना आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं.

पण मला हलवलं ते वेढ्यातल्या जेवणाने. धान्य संपत आलं तसे घोडे आणि खेचरं मारायला सुरुवात झाली. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांनी कितीतरी आठवडे नकार दिला. भारतातल्या धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशाने मागवली गेली, ती आलीही. तरी हात पुढे होईना, कारण भीती देवाची नव्हती, गावाची होती. घोडा खाल्ला हे कळलं तर जातीत घेणार नाहीत, आपल्या मुली कुणी करणार नाही. मग जवाचं थोडंसं पीठ आणि नदीकाठचं तण उकडून खायचं. त्यात विषारी पाला असायचा, त्यानेही माणसं गेली. ताजी भाजी-फळं न मिळाल्याने होणाऱ्या स्कर्व्हीने तर शेकडो आजारी. अखेर एप्रिलमध्ये, न खाणाऱ्या नाईक-हवालदारांच्या जागी दुसरे नेमू असं टाउनशेंडने बजावल्यावर, हजारोंनी ते मांस खाल्लं.

हे वाचलं आणि आत्याला फोन केला. ती ऐंशीच्या पुढची, पणजोबा गेले तेव्हा चांगली अठरा वर्षांची. विचारलं, "आत्या, ते कधी पंगतीला बसायचे का?" ती म्हणाली, "नाय गो बाय. आजा पडवीत बसायचा, भितीकडं तोंड करून. बसऱ्याला बाटला म्हणायचे ना लोक. आपल्या सोयरिकीत जेवायला गेला तरी आपलं ताट घेऊन जायचा."

लहानपणी 'बाटला' हा शब्द मीही ऐकला होता. दारू, बाई, काय काय मनात आलं होतं. घोडा कधी आला नव्हता.

त्यांनी खाल्लं की नाही, ते कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. मला मनापासून वाटतं, त्यांनी खाल्लं असावं. पोटभर खाल्लं असावं. म्हणून ते परतले, म्हणून आजोबा जन्मले. आणि त्या घासासाठी गावाने एका माणसाला चाळीस वर्षं भिंतीकडे तोंड करून बसवलं, याचा मला आज फार राग येतो.

न परतलेल्यांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनच्या संकेतस्थळावर आहे. तालुक्याचं नाव घालून शोधलं की बापाचं नाव, गाव, 'रत्नागिरी, बॉम्बे' असं समोर येतं. गावांची स्पेलिंगं अशी की मोठ्याने म्हटल्याशिवाय ओळखू येत नाहीत. मी एकेक गाव म्हणून बघितलं. यातल्या किती गावांत माझ्या मावश्या-आत्या दिल्या आहेत! बसऱ्याच्या स्मारकावर, कबर न सापडलेल्या ४० हजारांहून अधिकांच्या त्या दगडांवर, गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची कोरली नाहीत, पलटणीखाली फक्त संख्या घातली. सन ऑफ अमुक, राहणार तमुक, हे सगळं लिहून ठेवलेलं असताना फक्त संख्या.

पुढची चौकशी करायला पूर्ण नंबर हवा होता. दिवाळीत परत गावी गेले आणि आत्याला सहज विचारलं, ते ताट कुठे गेलं. ती उठली, माळ्याखालच्या फळीवरून सांडगे वाळवायचं पितळी ताट काढलं, सांडगे सुपात ओतले आणि ताट माझ्या हातात दिलं. जड, काठ एका जागी चेपलेला. बुडाशी, आपण भांड्यांवर नाव घालतो तिथे, टिंबाटिंबांनी ठोकलेले चार मराठी आकडे होते.

२१४७.