सहाशे चाळीस काजूगर

मी सिंधुदुर्गातल्या एका शैक्षणिक आवारात मालमत्ता विभागात कारकून आहे. मालमत्ता म्हणजे पंखे, खुर्च्या, पाण्याचे पंप आणि पडलेले माड. फेरीवाले आमच्याकडे कसे आले, ते मलाही नीट सांगता येणार नाही. सुरक्षेवाले म्हणाले आमचं काम नाही, प्रशासन म्हणालं आमचं नाही. उरलो आम्ही.

मार्चमध्ये परिपत्रक निघालं: आवारात विक्रेते नकोत. आधार दिला होता 2003 च्या तंबाखू कायद्याचा, शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही हा. ज्या काकीला पहिल्यांदा उठवलं, तिच्या टोपलीत तंबाखू सोडा, सुपारीचं खांडसुद्धा नव्हतं. ओले काजूगर होते. गेटसमोरची टपरी मात्र आजही जागेवर आहे. आमचे निम्मे लोक तिथे उधारीवर खातात, तिला कोण हात लावणार?

सकाळी साडेदहाला टोपली उचलून गार्डच्या केबिनमध्ये ठेवली. मला निरोप आला बारा वाजता. 'यादी करा.'

यादी करायची पद्धत खरं तर मीच घातलेली. 2014 चा पथविक्रेता कायदा आमच्या आवाराला लागत नाही असं साहेब म्हणतात. नसेलही लागत. पण जप्त मालाची यादी विक्रेत्याला द्यायची, आणि नाशवंत माल मागितला की त्याच दिवशी परत करायचा, हे त्यात लिहिलंय ते मला पटलं होतं. म्हणून मी वही आखली, दोन प्रतींची. इथे आधी वहीबिही काही नव्हतं, माल सरळ 'वाटून' जायचा.

ओले काजूगर किलोवर जात नाहीत, शेकड्यावर जातात. मी टेबलावर पेपर पसरला आणि पाच-पाच करून मोजायला बसलो. गराच्या सालीला चीक असतो, तासाभरात बोटं काळी पडतात आणि चुरचुरतात. काकीचे हात तर सीझनभर सोलून सोलून पापुद्रे निघालेले. दोनदा मोजले. सहाशे चाळीस. लिहिले.

"सायबानू, सातशे होते. मी मोजून घेतलंय," ती म्हणाली. "भवानी पण झाली नाय अजून."

"काकी, दोनदा मोजलंय मी."

"माका मोजूक येत नाय काय?"

तिला मोजता येतं. गेली कित्येक वर्षं ती माझ्यासमोर शंभर मोजते आणि वर पाच घालते, एकदाही चुकलेली नाही. साडेदहा ते बारा टोपली केबिनमध्ये होती. तेवढ्यात तिथे कोण कोण चहाला येऊन गेलं, हेही मला माहीत आहे. त्यातले एक जण दारातूनच म्हणाले होते, "अरे, परत देताना शंभरेक बाजूला काढ ना, पैसे देईन नंतर." मी हसलो होतो.

मी सहाशे चाळीसवर तिची सही घेतली. खोडून सातशे लिहिले असते, तर उरलेले साठ कुठे गेले याचं उत्तर मलाच द्यावं लागलं असतं. तिने प्रत चार घड्या करून कनवटीला लावली, टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली. साहेबांना वही फार आवडली. 'आता सगळं रेकॉर्डवर आहे,' म्हणाले.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत कुणाच्या तरी डब्यात काजूगरांची उसळ होती. बाजारातूनही आणलेले असतील. मी घेतली नाही एवढंच.

काकी आता एसटी थांब्याजवळ बसते. परवा गेलो. तिने पाच-पाच करून मोजले, मोठ्याने, माझ्याकडे बघत. शंभर झाल्यावर पिशवीला गाठ मारली.