बॉल पायथनसाठी मातीचं वारूळ: भट्टीतून आल्यानंतर

माझ्या सापाला लपायला बनवलेलं मातीचं वारूळ भट्टीतून आलं. बसकं, वर तीन शिखरं, बाजूला एकच तोंड. टिचकी मारली की खणखणीत वाजतं, म्हणजे आतपर्यंत भाजलंय. काजळ, म्हणजे माझी बॉल पायथन जातीची पाळीव अजगर, पहिल्याच रात्री आत शिरली आणि दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत बाहेर आली नाही.

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तिकडे त्याचा दिवस जातो उंदरांच्या बिळांत, नाहीतर वाळवीच्या वारुळांत. सापाच्या लपणीसाठी (लपायच्या जागेसाठी) बाजारात मिळतात त्या प्लास्टिकच्या कवट्या नि किल्ले आपल्या डोळ्यांसाठी असतात, सापाला त्यांचं काही नाही. त्यात आपण गोव्यातले. इथे रोयण (वारूळ) म्हणजे सातेरी देवी, देवळात तिचीच पूजा होते. म्हणून खऱ्या वारुळाचं ढेकूळही मी उचललं नाही. आकार मात्र तिच्याकडे बघूनच घेतला.

माती डिचोलीच्या एका कुंभारकाकांकडची, भातशेतातली. खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतातली माती घेऊ नका. ती खारी असते आणि भाजल्यावर भिंतीवर पांढरा खार फुटतो. काकांनी सांगितल्याप्रमाणे फुटक्या मडक्यांचा चाळलेला चुरा मळताना मिसळला. त्याने माती कमी आक्रसते आणि जाड भिंतीला तडे जात नाहीत. तरी वाळून-भाजून आकार दहा टक्क्यांपर्यंत लहान होऊ शकतो, तेव्हा तोंडाचं माप घेताना तेवढं धरून चाला.

हवेवर वाळणारी तयार माती बऱ्याच जणांना सोपी वाटते. कोरड्या कोपऱ्यातल्या शोभेला ती चालेल, पण ओलसर लपणीला नाही. न भाजलेली माती पाणी लागलं की पुन्हा चिखल होते. भट्टीत ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं, आणि मग ती परत मऊ पडत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी आतल्या बाजूला दिला. बाहेरचं खडबडीत असलं तर छान दिसतं. आत मात्र ओल्या स्पंजने बोट फिरेल तिथपर्यंत गुळगुळीत केलं, तोंडाची कडा गोल वळवली. कात टाकताना नवी कातडी नाजूक असते, तिथे एक टोकदार कण पुरे होतो. छत मुद्दाम बुटकं ठेवलं. वेटोळं घातल्यावर पाठ भिंतीला टेकली तरच या सापाला सुरक्षित वाटतं. ऐसपैस खोली त्याला नको असते.

रंग, वॉर्निश, झिलई काहीच नाही. झिलईने मातीची छिद्रं बुजतात आणि सगळी मेहनत फुकट जाते. पातळ कालवलेल्या पिवळ्या मातीचा एक हात भाजण्याआधी दिला, तो भट्टीत आपोआप तांबडा झाला. चिऱ्याच्या भिंतीशी इतका जुळतो की बघत राहावंसं वाटतं.

आता कामाचं. कोरड्या दिवसांत शिखरांमधल्या खळग्यात पाणी ओतते. ते भिंतीत मुरतं आणि आतली हवा दमट राहते. डोळे निळसर धुरकट झाले की कात सुटेपर्यंत खळगा कोरडा पडू देत नाही. या वेळी कात डोळ्यांवरच्या खवल्यांसकट एकसंध निघाली. पण एक लक्षात ठेवा: ओली माती माठासारखी थंडही करते. म्हणून थर्मामीटरचा प्रोब लपणीच्या आत ठेवा, बाहेरच्या आकड्यावर जाऊ नका. माझ्याकडे सापाच्या पेटीची गरम बाजू ३१-३२ अंशांवर असते, थंड बाजू २५-२६ वर. वारूळ मधोमधपासून गरम बाजूकडे थोडं सरकवलंय.

पावसाळ्यात मात्र ओतणं बंद. आपल्याकडे हवाच इतकी ओली असते की उलट बुरशी सांभाळावी लागते. म्हणून दुसरं वारूळही भाजून घेतलंय. एक आत असतं तेव्हा दुसरं उकळत्या पाण्यातून काढून खडखडीत वाळवायचं. ब्लीच नको, माती ते पिऊन घेते.

वजनाचंही सांगते. हा ऐवज भुशावर ठेवू नका, थेट तळावर टेकवा आणि मग भोवती नारळाचा भुसा भरा. साप खालून उकरत गेला आणि वरून हे बसलं, तर काय होईल ते सांगायला नको.

नव्याने छंदात येणाऱ्यांसाठी: रानातला साप पकडून घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. माती मळायला घेण्याआधी ते कागद पुरे करा.

पुढचं काम थंड बाजूच्या लपणीचं. ती एका शिखराची आणि वरून सपाट असेल, म्हणजे तिच्यावर पाण्याचं भांडं बसेल. थापायला चवथीनंतरच घेईन. पावसात माती आतून वाळत नाही, आणि ओली भिंत भट्टीत गेली तर वाफेने फुटतेच.