सॅम्पल ‘क्यूसी फेल’ का झालं, ते फॉर्मने सांगितलं नाही

एका झाडाचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, लाँग-रीड पद्धतीने (लांबच लांब तुकड्यांत) वाचून घ्यायचा होता. गाइडची सही, कोटेशन, पर्चेस ऑर्डर, सगळं बिनबोभाट झालं. घोडं अडलं ते सिक्वेन्सिंग सेंटरच्या सॅम्पल फॉर्मवर.

त्यात एक रकाना होता: डीएनए, नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर. कशावर मोजायचं, याचा पत्ता नाही. मी नॅनोड्रॉप या आमच्या मोजणीच्या यंत्रावरचा आकडा भरला, ट्यूब बर्फात घालून पाठवली आणि वाट बघत बसले. आला तो एका ओळीचा मेल: ‘क्यूसी फेल, नवीन सॅम्पल पाठवा.’ क्यूसी म्हणजे दर्जाची तपासणी; पण का फेल, किती कमी पडलं, चकार शब्द नाही. फोन केला की ‘मॅडम, रिपोर्ट सिस्टिमवर येईल.’ तो काही आला नाही. शेवटी तिथल्याच एका टेक्निशियनला दया आली. ते क्यूबिट या दुसऱ्या यंत्रावर मोजतात म्हणे! नॅनोड्रॉप २६० नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला गेला तेवढंच बघतो, त्याच्या हिशेबात आरएनएही डीएनएच. क्यूबिटमधला रंग दुपदरी डीएनएलाच धरतो. माझा भरघोस आकडा तिथे निम्म्यावरही टिकला नाही. रकान्यात ‘क्यूबिट’ एवढा शब्द छापायला यांचं काय जात होतं?

सेंटरचा डीएनएच्या शुद्धतेचा हट्ट मात्र रास्त आहे. नॅनोपोअर या लाँग-रीड तंत्रात डीएनएचा धागा इवल्याशा छिद्रातून सरकतो आणि विजेच्या प्रवाहातल्या चढउतारांवरून अक्षरं ओळखली जातात, सलग हजारो. शॉर्ट-रीडचे तुकडे जेमतेम १५० ते ३०० अक्षरांचे. मानवी जीनोमचा राहिलेला ८ टक्के भाग २०२२ मध्ये पूर्ण झाला तो लाँग रीड्सच्या जोरावर. पण वनस्पतीतली पॉलिसॅकराइड्स (साखरेच्या लांब, चिकट साखळ्या) आत गेली की छिद्रं तुंबतात. माझ्या पहिल्या सॅम्पलला तर पिपेटची टिप उचलताना गोंदासारखी तार सुटायची.

म्हणून कोवळी पानंच घ्या, त्याआधी झाड एक-दोन दिवस अंधारात ठेवा. डीएनए काढायच्या सीटॅब या रसायनाच्या आधी सॉर्बिटॉलने धुतल्यावर माझा चिकटा गेला. आरएनए तोडणारं आरएनेज हवंच. नॅनोड्रॉपवरची शुद्धतेची गुणोत्तरं बघा: २६०/२८० हे १.८ च्या आसपास आणि २६०/२३० हे २ च्या वर आलं, की पाठवा. ट्यूब गरगर हलवणाऱ्या व्होर्टेक्सला हात लावू नका, टिप रुंद तोंडाची घ्या.

पुढचं सॅम्पल पास झालं आणि इतका घोळ घातलेला तो सिक्वेन्सिंगचा रन तीन दिवसांत आटोपला! आणि हो, सगळं सॅम्पल पाठवून मोकळे होऊ नका. थोडं ४ अंशांवर स्वतःकडे ठेवा. फ्रीझरमधून सारखं काढघाल केलं तर लांब धागे तुटतात.