अर्जात एक शब्द चुकला आणि वर्ष गेलं

वसई किल्ल्याच्या तटाजवळ आमच्या मच्छीमार सोसायटीची जाळ्यांची वखार आहे. दगडी भिंती, सागाचे वासे, वर मंगलोरी कौलं. सुती जाळी होती तेव्हा ती टिकावीत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळायचे, तो टोप अजून कोपऱ्यात पडलाय. तुळई कुजली तेव्हा ‘पाडून स्लॅब टाकू’ म्हणणारेच जास्त होते. सेक्रेटरी म्हणून मी म्हटलं, आधी परवानगीचं बघू.

बरं झालं बघितलं. किल्ला केंद्राच्या संरक्षणाखाली, त्यामुळे 100 मीटरच्या आत नवं काही बांधता येत नाही. वखार नेमकी त्या पट्ट्यात. पाडली असती तर जागा मोकळीच राहिली असती. दुरुस्तीला मात्र परवानगी मिळू शकते. आम्ही अर्जात लिहिलं ‘पुनर्बांधणी’. टायपिंगवाल्याला शब्द वजनदार वाटला, आम्हालाही. कागद परत!

दुसऱ्या अर्जाला पुरावा हवा होता: इमारत 16 जून 1992 च्या आधीची आहे. घरपट्टीच्या जुन्या पावत्या वाळवीनं खाल्लेल्या. शेवटी आमच्या आत्याच्या लग्नाचा अल्बम कामाला आला. 1984 ची वरात, मागे वखारीचं दार आणि सोसायटीची पाटी. तारखेसाठी लग्नपत्रिकाही जोडली. आत्या म्हणाली, “फोटो परत आणलास तरच घरात ये.”

भिंतींवर मध्ये कधीतरी कुणी सिमेंट थापलेलं. ते खरवडलं तर आतला दगड हातात भुगा होऊन आला. खारा ओलावा आत कोंडला की मीठ दगडच फोडतं. म्हणून परत चुना. चुन्याची कळी विरवून मुरत ठेवली, मग सुरखी म्हणजे विटांचा चुरा, गुळाचं पाणी, हिरडा. म्हातारा गवंडी वाळू आली की चिमूटभर जिभेवर ठेवायचा. खारट लागली म्हणून एक अख्खा ट्रक त्यानं परत पाठवला. भाडं आमच्या डोक्यावर.

पोरांना इथं संग्रहालय हवं होतं. मी विरोध केला. वखारीत जाळी नसतील तर ती वखार कसली?

1 जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली, बोटी वर ओढल्या, जाळी आत आली. दुसऱ्याच दिवशी एका तांडेलानं, म्हणजे बोटीच्या म्होरक्यानं, नव्या गिलाव्यात लोखंडी खिळा ठोकून रेनकोट अडकवला. मी ओरडलो, तर म्हणतो, “अरे, इथली खुंटी तुम्हीच काढली ना?”

खरंच काढली होती. सुताराला परत बोलावलंय.