गच्च भरलेली पोटे

हौशी मासेमार रेडफिशचे मांस कापून घेतात आणि उरलेला सांगाडा टाकून देतात. तो मागून घेऊन पोट तपासणे हे टेक्सासच्या किनाऱ्यावर माझे काम आहे. हा मासा आपल्याकडच्या घोळीच्या कुळातला.

रेडफिश बे या खाडीच्या धक्क्यावर एक वयस्क गृहस्थ दोन मासे घेऊन आले तेव्हा ते वैतागलेले होते. सकाळभर गुडघाभर पाण्यात माशांच्या शेपट्या वर आलेल्या दिसत होत्या, पण आमिषाकडे मासे ढुंकूनही पाहत नव्हते. नावाड्याने निदान केले होते की माशांना भूकच नाही. असली निदाने मी नेहमी ऐकतो आणि मला ती पटत नाहीत, कारण शेपटी वर असते तेव्हा तोंड तळाशी असते आणि मासा त्या वेळी खाण्यातच गुंतलेला असतो. त्याचे तोंड खालच्या बाजूला वळलेले असल्यामुळे डोक्यावरून सरकणारे आमिष त्याला दिसतच नाही. ते त्याच्या पुढ्यात, तळाशी पडावे लागते.

पहिल्या माशाचे पोट अंगठ्याच्या नखाएवढ्या खेकड्यांनी गच्च भरले होते. घशातील दातांनी कवचे चिरडलेली असली तरी पाय जागच्या जागी होते आणि फटींत समुद्रगवताचे तंतू अडकले होते. दुसऱ्याच्या पोटात एक बोय मासळी होती, कातडी पूर्ण विरघळलेली, कणा उघडा पडलेला. आणि घशाच्या बाजूला दोन ताजे खेकडे. म्हणजे त्याने बोय आधी गिळली होती आणि खेकडे नंतर.

मग पहिल्यानेही आधी बोय खाल्ली नसेल कशावरून? मऊ मांस लवकर पचते, कवच मागे उरते, त्यामुळे नुसती मोजदाद केली तर खेकड्यांचे पारडे नेहमीच जड होते. आता मी आतड्याच्या शेवटच्या भागातले अवशेषही चाळतो, कारण माशांचे काटे असले तर तिथेच सापडतील.

हे खेकडे ज्या गवतात राहतात, ते इंजिनाच्या पंख्याने उपटणे या खाडीत 2006 पासून आणि राज्याच्या साऱ्या किनारी पाण्यात 2013 पासून बेकायदा आहे. तरीही शेपट्या दिसताच उथळात होडी दामटणारे नावाडी आहेत, आणि त्यांनी पाडलेले चर भरायला वर्षे लागतात. त्या दोन माशांतील गवताचे तंतू मी वेगळे काढून ठेवले आहेत. ते कोणत्या जातीच्या गवताचे आहेत हे कळले, तर मासे खाडीच्या कोणत्या भागात चरत होते याचा अंदाज बांधता येईल.