'एनी' सुटला, पण पत्ते पुन्हा लावायला घेतलेत

इंग्रजीतले किती-कोणते सांगणारे शब्द, म्हणजे क्वांटिफायर, मी पत्त्यांवर (छोट्या कार्डांवर) लिहून शिकतेय. मागच्या नोंदीत 'मच-मेनी आणि फ्यू-अ फ्यू झालं, आता ईच-एव्हरी घेते' असं लिहिलं होतं. ते तसंच राहिलं. तीन आठवडे मी 'एनी' या एका शब्दावर अडकून होते. परवा रात्री तो सुटला. आत्ता दुपारची गिऱ्हाइकं कमी आहेत, तेवढ्यात लिहून टाकते.

सुरुवात कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या आमच्या दुकानातच झाली. बेंगळुरूच्या एका व्यापाऱ्यांनी कापशी पद्धतीच्या कोल्हापुरी चपलांचे साठ जोड मागवले होते. पावसात कातडं लवकर वाळत नाही, काम मागं पडलं. मी मेल लिहिला, 'एनी पेअर इज नॉट रेडी येट.' मला म्हणायचं होतं, एकही जोड अजून तयार नाही. त्यांचं उत्तर आलं: कोणता जोड राहिलाय? बाकीचे तरी पाठवून द्या. तो मेल मी रात्री कितीतरी वेळा वाचला. चूक कुठं झाली हेच कळेना, आणि त्याचाच त्रास जास्त झाला.

पाठवण्याआधी मी तो मेल व्याकरण तपासणाऱ्या ॲपमधून काढला होता. एकही लाल रेघ आली नाही. स्पेलिंगसाठी ॲप ठीक आहे, पण क्वांटिफायर त्याच्या भरवशावर सोडू नका. घरातल्या इंग्लिश-मराठी कोशात एनीपुढं फक्त 'कोणताही' लिहिलंय, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथंच आहे. आपलं 'कोणताही' दोन्ही कामं करतं. 'कोणताही जोड चालेल' आणि 'कोणताही जोड तयार नाही', दोन्ही वाक्यं मराठीत सरळ आहेत. इंग्रजीत 'एनी पेअर विल डू' चालतं, दुसरं कोसळतं.

पहिला अंदाज असा बांधला, की एनी कर्त्याच्या जागी बसत नाही. 'एनी पेअर विल डू'नंच तो मोडला. दुसरा अंदाज, एनीनं वाक्य सुरू झालं की पुढं नॉट येऊ द्यायचा नाही. चार दिवस त्यावर खूश होते. मग 'एनी पेअर दॅट डझन्ट फिट कॅन बी रिटर्न्ड' हे वाक्य सापडलं, आणि ते अगदी बरोबर आहे. त्यातला नॉट न बसणाऱ्या जोडाबद्दलच्या आतल्या वाक्याचा आहे, मुख्य क्रियापदाचा नाही, हे ध्यानात यायला आणखी दोन दिवस गेले.

वाट दाखवली ती आमच्या कारागीर मामांनी. परवा मी कामाचं विचारलं, तर चपलेची वेणी विणता विणता मान वर न करता म्हणाले, "वैनी, एकबी जोड झाला न्हाई अजून." मी ते पत्त्यावर जसंच्या तसं लिहिलं आणि त्याखाली इंग्रजी शब्द मांडत गेले. 'न्हाई' पार शेवटाकडं. मराठीत नकार मागून येतो आणि मागून येऊनसुद्धा पुढच्या 'एकबी'ला सांभाळून घेतो. इंग्रजीत नकार आधी यावा लागतो. एनी त्याच्या पाठीमागूनच चालतो. 'वुई डोन्ट हॅव एनी पेअर्स रेडी' यात डोन्ट आधी आहे, म्हणून चाललं. कर्त्याच्या जागी एनी ठेवला तर त्याच्याआधी नकाराला जागाच उरत नाही, मग तो नकार एनीच्या पोटात शिरतो आणि 'नो' होतो: 'नो पेअर इज रेडी येट.' ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषातज्ञांनी १९१७ सालीच हे नोंदवून ठेवलंय, की नकार दोन शब्दांपैकी कुणालाही चिकटू शकत असेल तर तो पहिल्याकडं ओढला जातो.

खात्री करायला मुद्दाम अवघड वाक्य घेतलं: 'आय डोन्ट थिंक एनी पेअर इज रेडी.' इथं एनी कर्ता आहे, आणि तरी वाक्य बरोबर! कारण डोन्ट आधीच्या वाक्यात का होईना, पण एनीच्या आधी उभा आहे. हे जमलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी स्वयंपाकघरात एकटीच हसत होते. सकाळी व्यापाऱ्यांना नवा मेल गेला, दहा मिनिटांत 'ओके, टेक युअर टाइम' आलं.

पत्त्यांबद्दल मागं तुम्ही विचारलं होतं म्हणून सांगते. स्टेशनरीतले तयार पत्ते मी बंद केले, पेनाची शाई फुटते त्यावर. चपलांच्या खोक्यांची झाकणं कापून वापरते. जाड असतात आणि पाठची बाजू कोरी मिळते.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. फ्यू म्हणजे 'थोडेच' आणि अ फ्यू म्हणजे 'थोडे आहेत', सगळा फरक त्या 'च'चा, हे आपण केलंय. आता बघा: 'फ्यू शॉप्स हॅव एनी स्टॉक' चालतं, 'अ फ्यू शॉप्स हॅव एनी स्टॉक' चालत नाही. म्हणजे फ्यूच्या पोटात नकार दडलेला आहे! लिटल, हार्डली यांचंही तेच. मग मी पत्ते संख्येचे आणि परिमाणाचे असे वेगळे लावत बसले होते ते बदलायला हवं. एका खोक्यात नो, नन, नायदर, फ्यू, लिटल, हार्डली, म्हणजे ज्यांच्यामागं एनी येऊ शकतो ते. दुसऱ्यात अ फ्यू, अ लिटल, सम, मेनी. ईच-एव्हरीचा बेत पुढच्या आठवड्यावर, आधी ही नवी मांडणी.

अर्धे पत्ते लावून झाले आणि एव्हरीपाशी थांबले. 'एव्हरी शॉप दॅट हॅज एनी स्टॉक' हे बरोबर आहे, आणि त्यात नकार कुठंच नाही. प्रश्नात आणि इफमध्ये एनी चालतो हे माहीत आहे, पण हा प्रश्नही नाही. 'ज्या ज्या दुकानात काही माल असेल' असं मराठी करून बघितलं, तर त्या 'असेल'मध्ये इफसारखं काहीतरी ऐकू येतंय. कुणी यावर काम केलं असेल तर वाक्यं पाठवा. तोवर एव्हरीचा पत्ता दोन्ही खोक्यांच्या मध्ये, गल्ल्यावर ठेवलाय.